लिफ्टवाले काका पॉज घेतात

त्या इमारतीची लिफ्ट तळमजल्यावर यायची, पण तळमजल्यावर थांबायची नाही. थोडी खाली थांबायची. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. सुरुवातीला ती बोटभर खाली उतरायची, मग चार बोटं. मग एकदा पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाहेर पडताना अडखळल्या, तेव्हा सोसायटीच्या कमिटीने तातडीची बैठक बोलावली आणि तातडीने निर्णय घेतला. लिफ्टमध्ये एक लाकडी पाट ठेवला. पाटावर पाय द्यायचा, बाहेर यायचं. पुढे लिफ्ट आणखी खाली जायला लागली, तेव्हा पाटाखाली आणखी एक पाट आला. त्यानंतर कमिटीने लिफ्टमध्ये आरसा लावला, छोटा पंखा लावला, कॅमेरा बसवला. ब्रेक सोडून त्या लिफ्टचं सगळं काही नवीन झालं.

ब्रेक झिजलाय, ही गोष्ट इमारतीत एकाच माणसाला कळत होती आणि नेमकं त्याला बोलता येत नव्हतं.

म्हणजे तो मुका नव्हता. पण त्याचा आवाज तोंडातून निघून समोरच्याच्या कानापर्यंत जाताना वाटेत कुठेतरी बसायचा. त्याच्याकडे विद्युत अभियांत्रिकीची पदवी होती, सरकारी ओळखपत्र होतं, शहरातल्या कुठल्याही लिफ्टची तपासणी करून तिला कुलूप ठोकण्याचा अधिकार होता. आणि इमारतीत त्याला नाव पडलं होतं ‘लिफ्टवाले काका’. नवे भाडेकरू लिफ्टमध्ये शिरले की काकांकडे न बघताच म्हणायचे, “काका, तिसरा.” आणि काका, उगाच कशाला वाद, म्हणून तिसऱ्याचं बटण दाबायचे.

आता कुणी म्हणेल, अधिकार होता तर ठोकायचं ना कुलूप. पण निरीक्षकाने स्वतः राहतो त्या इमारतीची तपासणी करायची नाही, असा नियम होता, आणि काका नियम मोडणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी साध्या नागरिकासारखा स्वतःच्याच कार्यालयात अर्ज केला. अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरला आणि ‘अभिप्रायासाठी’ म्हणून शेवटी त्यांच्याच टेबलावर येऊन पडला. काकांनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘अर्जदाराच्या म्हणण्यात तथ्य आहे.’ फाइल परत आली. वर शेरा होता, ‘अर्जदाराशी आपला संबंध काय, याचा खुलासा करावा.’ हा प्रश्न काकांनी बरेच दिवस मनाला लावून घेतला. अखेर त्यांनी उत्तर लिहिलं, ‘संबंध जुना असून अलीकडे ताणलेला आहे.’ त्यानंतर ती फाइल कुणाला दिसली नाही.

उरली सोसायटीची वार्षिक सभा. पण त्या सभेवर अध्यक्षांचं राज्य होतं. अध्यक्षांनी उभं आयुष्य विमा विकण्यात घालवलं होतं. ज्यांना ते भेटत, त्यांना आपण लवकरच मरणार असं वाटायला लागे आणि तरीही छान वाटे. असा आवाज होता तो. गेल्या वर्षी काकांनी सभेत ब्रेकचा विषय काढला, तेव्हा ते ब्रेकच्या लायनिंगची, म्हणजे झिजणाऱ्या अस्तराची जाडी सांगत असताना मागच्या रांगेत बिस्किटांचे पुडे फुटत होते. इतिवृत्तात नोंद झाली, ‘लिफ्टवाल्या काकांनी इतर विषय मांडले.’

यंदा विषयपत्रिकेवर दोन विषय होते. फाटकापाशी कारंजं बसवणे, हा पहिला. लिफ्टची दुरुस्ती, हा दुसरा. दोन्ही एका वर्षात होणार नव्हते.

मुख्याध्यापिका जिन्यात भेटल्या. जिन्यात म्हणजे पहिल्या पायरीवर. दुसरी त्यांना चढवत नव्हती.

“काय हो, यंदा बोलणार आहात ना?”

“गेल्या वर्षीही बोललो होतो,” काका म्हणाले.

“बोलला असाल. मला ऐकू आलं नाही. माझे कान शाबूत आहेत, गुडघे गेलेत. दिवसातून दहादा त्या लिफ्टमध्ये पाय टाकते मी, आणि दर वेळी ती आणखी खाली गेलेली असते. या वेळी मला ऐकू यायला हवं. शेवटच्या बाकापर्यंत. समजलं?”

काकांनी मान डोलावली आणि घरी येऊन जाहीर केलं, “यंदा मी भाषण करणार.”

“काय म्हणालात?” स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या.

सुरुवातच अशी झाली.

काकूंनी लगेच आपल्या भावाला फोन केला. हा मेव्हणा पूर्वी गाद्या विकायचा. गाद्या विकता विकता त्याला शोध लागला की लोक गादीला नाही, बोलण्याला भुलतात. मग त्याने गाद्या सोडल्या आणि सभाधीटपणाचे वर्ग काढले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो हजर झाला आणि काकांच्या भोवती एक चक्कर मारून आला, लोक जुनी गाडी घेताना मारतात तशी.

“भावोजी, काम मोठं आहे. पण करू. आधी बूट बदला.”

“ब्रेकबद्दल बोलायचंय मला.”

“लोक ब्रेक बघत नाहीत, बूट बघतात. वक्ता खालून वर दिसत जातो.”

काकूंनी बूट आणवले. ते काळे होते, टोकदार होते आणि पावलागणिक चिरकत होते. काकांचा आवाज जिथे पोचत नसे तिथे आता त्यांचे बूट पोचू लागले.

मग तंत्र सुरू झालं. मेव्हण्याच्या मते चांगल्या भाषणाची सुरुवात हादरवणाऱ्या प्रश्नाने होते. मग नजरेला नजर. “गर्दीकडे बघायचं नाही. एक डावा माणूस धरा, एक मधला, एक उजवा. त्यांच्या डोळ्यांत शिरा.” मग बालपणीची आठवण. “श्रोत्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. लहानपणी लिफ्टमध्ये काही झालं होतं?”

“माझं लहानपण तळमजल्यावर गेलं,” काका म्हणाले.

“मग जिन्यावरून पडल्याचं सांगा. आणि आता सगळ्यांत मोठं अस्त्र.” मेव्हण्याने डोळे मिटले, एक हात वर नेला, बोटं पसरली आणि तसाच उभा राहिला. इतका वेळ, की काकू आतून पाण्याचा पेला घेऊन धावत आल्या. मेव्हण्याने डोळे उघडले. “पॉज. मुद्द्याच्या अगदी आधी. हात वर, तोंड बंद. श्रोता खुर्चीच्या कडेवर येतो. मग मुद्दा टाकायचा. तो मरेपर्यंत विसरत नाही.”

“न बोलल्याने लक्षात राहतं?”

“फक्त न बोलल्यानेच राहतं, भावोजी.”

“मग हे जन्मभर वक्तेच होते म्हणायचे,” काकू म्हणाल्या.

काकांनी पॉजचा सराव कार्यालयात केला. साहेबांनी विचारलं, “त्या रुग्णालयाच्या लिफ्टचा अहवाल झाला का?” काकांनी हात वर नेला, बोटं पसरली आणि थांबले. साहेब खुर्चीच्या कडेवर आले, हे मेव्हण्याचं म्हणणं खरंच होतं. पण मग साहेबांनी शिपायाला हाक मारली, दोघांनी मिळून काकांना आडवं केलं, बूट काढले आणि छातीवर दाब द्यायला सुरुवात केली. त्या दाबाने ‘झाला’ हा शब्द बाहेर पडला, पण तोवर साहेबांच्या तो लक्षात राहण्याची वेळ टळून गेली होती.

तंत्राचा पुढचा भाग होता, हातात वस्तू दाखवणे. काकांना झिजलेला ब्रेक शू दाखवायचा होता. कार्यालयाच्या भांडारात तसल्या जुन्या नमुन्यांचा ढीग होता. भांडारपाल म्हणाला, “प्रयोजन?”

“भाषण.”

“दुरुस्तीसाठी देता येतो. तपासणीसाठी देता येतो. पुरावा म्हणून कोर्टात न्यायला देता येतो. भाषणासाठी ब्रेक देण्याची तरतूद नाही.” थोडं थांबून त्याने आपुलकीने विचारलं, “किती वेळ बोलणार? ब्रेक कशाला लागतोय तुम्हाला?”

शेवटी काकूंनी आपली जुनी चप्पल काढून दिली. टाच झिजून पार कागद झाली होती. “हे दाखवा. असं झालंय म्हणावं. एवढं तर कुणालाही कळेल.”

राहिला हातवाऱ्यांचा सराव. घरात मुलगी हसायची. गच्चीवर धोबी बघायचे. आरसा हवा आणि एकांत हवा, हे दोन्ही इमारतीत एकाच ठिकाणी मिळत होतं, ते म्हणजे लिफ्टमध्ये. काका रोज रात्री सगळ्यांत वरच्या मजल्यावर जायचे, जाळीचा दरवाजा ओढून घ्यायचे आणि आरशातल्या काकांना ब्रेकबद्दल सांगायचे. आरशातले काका सगळं ऐकून घेत. काकांच्या आयुष्यातला हा पहिला श्रोता, जो मध्येच उठून गेला नाही. लायनिंगचं सांगताना काका मूठ आपटायचे, बालपणाचं सांगताना डोळे पुसायचे, आणि मग हात वर करून पॉज घ्यायचे.

कॅमेऱ्याला आवाज नव्हता. वॉचमनने पहिल्या दिवशी बघितलं ते सहज. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांना बोलावून बघितलं. तिसऱ्या दिवशी ते इमारतीच्या ग्रुपवर आलं. एक मध्यमवयीन गृहस्थ आरशाशी भांडतो, आरशाला चप्पल दाखवतो, मग रडतो आणि शेवटी हात वर करून शरण जातो.

लोक काकांशी फार प्रेमाने वागायला लागले. नवा भाडेकरू आता म्हणे, “काका, तिसरा… म्हणजे, तुम्हाला बरं वाटत असेल तर.” दुसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी आपल्या एका मित्राचा पत्ता दिला, मित्र दातांचा नव्हता. एका शेजारणीने काकूंचा हात हातात घेऊन विचारलं, “घरी हात वगैरे उगारत नाहीत ना?”

“उगारतात,” काकू म्हणाल्या. “पण खाली आणत नाहीत. पॉज घेतात.”

मेव्हणा हादरला. “भावोजी, बोलूच नका आता. पुढच्या वर्षी बघू.”

आणि इथे काकांच्या आत काहीतरी ताठ झालं. आयुष्यभर तिसऱ्याचं बटण दाबत आलेला माणूस खुर्चीतून उठला, बूट चिरकले. “पुढच्या वर्षी ती लिफ्ट कुठपर्यंत खाली जाईल, माहीत आहे? पाटावर पाट ठेवून माणसं मरत नसती, तर मला नोकरीच नसती. हसू देत. मी बोलणार.”

हे सगळं त्यांनी इतक्या हळू सांगितलं, की मेव्हण्याला ‘बोलणार’ एवढंच ऐकू आलं. पण तेवढं त्याला पुरलं.

सभा गच्चीवर होती. खुर्च्या भाड्याच्या, माइक अध्यक्षांचा. आधी अध्यक्ष कारंज्यावर बोलले. त्यांच्या लहानपणी घरात नळ नव्हता. आई लांबून बादलीने पाणी आणायची. वाटेत पाणी हिंदकळायचं, आणि त्या सांडलेल्या थेंबांत उन्हाचे रंग दिसायचे. “मित्रांनो, फाटकातून आत येताना ते रंग मला पुन्हा बघायचे आहेत. तुमच्यासाठी ते कारंजं असेल. माझ्यासाठी ती माझी आई असेल.” दातांच्या डॉक्टरांनी चष्मा पुसला. या आईविरुद्ध मत द्यायची कुणाची छाती होणार होती?

मग काका उठले. बूट चिरकत माइकपाशी गेले. सगळे सरसावून बसले. ग्रुपवरचं सगळ्यांनीच बघितलं होतं, फक्त आवाजाची उत्सुकता होती.

“तुमच्यापैकी किती जणांना मरायचं आहे?” काकांनी विचारलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त कारकुनाने बायकोकडे बघत हात अर्धा वर केला आणि खाली घेतला.

काकांनी नजरेला नजर द्यायला तोच उजवा माणूस धरला. कारकून खुर्ची सरकवत गेला, काकांचे डोळे त्याच्या मागे गेले. भाषण अर्ध्यावर आलं तेव्हा उजवा कोपरा रिकामा होता. मग पिशवीतून चप्पल निघाली. काकांनी ती उंच धरताच पहिल्या रांगेतले अध्यक्ष वाकले. पण खरं सांगायचं, तर भाषण चाललं होतं. काका जिन्यावरून पडले, तेव्हा कुणीतरी ‘अरेरे’ म्हणालं. दोघा शेजाऱ्यांनी धरून गच्चीवर चढवलेल्या मुख्याध्यापिका मागच्या रांगेत कानामागे हात धरून बसल्या होत्या. शब्द हळूहळू तिथपर्यंत पोचत होते. बिस्किटांचा एकही पुडा फुटला नव्हता.

“आणि म्हणूनच, मित्रांनो,” काका म्हणाले, “आपल्या या लिफ्टचा…”

हात वर गेला. बोटं पसरली. तोंड बंद झालं.

मागे उभा राहून मेव्हणा खुणावत होता, अजून, अजून. लोक खुर्चीच्या कडेवर आले. काकांच्या आयुष्यात इतकी माणसं त्यांच्या पुढच्या शब्दाची वाट बघत कधीच थांबली नव्हती. त्यांना ते सोडवेना.

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या.

एक वाजली की दुसरी वाजते. सगळी गच्ची टाळ्या वाजवायला लागली. काकांनी तोंड उघडलं, पण टाळ्यांत ते दिसलंसुद्धा नाही. अध्यक्ष माइकपाशी पोचले होते. “वा! वा काका! न बोलता सगळं सांगून गेलात! तर मित्रांनो, वेळ झालाय, कारंज्याच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करावेत.” आणि त्यांनी कौतुकाने शेजारी बघितलं. “हे बघा! काकांचा हात आधीच वर आहे!”

आता खुद्द लिफ्टवाल्या काकांनीच हात वर केल्यावर इतरांनी काय करायचं? हात भराभर वर गेले. मुख्याध्यापिकांनी केला नाही, पण त्यांच्या पुढे टाळ्या वाजवत उभे राहिलेले लोक उंच होते.

“ठराव एकमताने मंजूर,” अध्यक्ष म्हणाले.

काकांनी हात खाली घेतला, तेव्हा लोक खुर्च्या सारत होते. जाताना प्रत्येकजण पाठीवर थाप मारत होता. “काय पॉज घेतलात हो!” “ती चप्पल तर कमाल.” “जिन्यावरून पडलात तिथे पाणी आलं डोळ्यांत.” काका प्रत्येकाला विचारत होते, “पण मी कशाबद्दल बोललो?” लोक हसून पुढे जात होते. डॉक्टर म्हणाले, “बालपणाबद्दल, नाही का?”

गच्चीखालच्या मजल्यावर लिफ्ट उभी होती. सभा संपली की सगळ्यांना एकदमच खाली जायचं असतं. लिफ्टमध्ये माणसं दाटीवाटीने उभी होती, मध्ये दोन पाट, पाटांवर अध्यक्ष. शेजाऱ्यांनी गच्चीवरून धरून उतरवलेल्या मुख्याध्यापिका भिंतीला धरून आत शिरायला निघाल्या होत्या. कुणीतरी त्यांना म्हणत होतं, “या ना बाई, जागा होईल.”

काकांनी जिन्यावरून बघितलं आणि पायऱ्या उतरायला लागले. बूट चिरकले. मुख्याध्यापिकांना त्यांनी हाताने मागे घेतलं, आणि जाळीचा दरवाजा बंद होणार, एवढ्यात त्या फटीत आपला टोकदार काळा बूट घातला.

जाळी लागली नाही, की ती लिफ्ट सुरू होत नसे. एवढी एक गोष्ट तिच्यात धड होती.

“काका, पाय,” अध्यक्ष म्हणाले.

“नाही काढणार,” काका म्हणाले.

आणि ते बोलायला लागले. हात खिशात होते. कुणाच्याही डोळ्यांत त्यांनी बघितलं नाही, ते बघत होते लिफ्टच्या उंबऱ्याकडे. बालपण नाही, प्रश्न नाही, मित्रांनो नाही. ब्रेक म्हणजे काय, लायनिंग म्हणजे काय, ते किती जाड असावं लागतं आणि या लिफ्टमध्ये किती उरलंय. वजन वाढलं की काय होतं. आवाज तोच होता, पुटपुटल्यासारखा, पण जिन्यात सगळे दाटून उभे होते आणि जाळीच्या आतल्यांना जायला जागा नव्हती. ऐकायचं नसेल तर करायचं काय? आणि काकांनी एकही पॉज घेतला नाही. पॉज घेतला की टाळ्या वाजतात, हे ते शिकले होते. श्वाससुद्धा ते वाक्याच्या मधोमध घेत होते.

“काका, मुद्दा पोचला,” अध्यक्ष मखमली आवाजात म्हणाले. “पण सभेने एकमताने…”

“तो हात कारंज्याला नव्हता,” काका म्हणाले. “पाटावर उभे आहात तुम्ही. तो पाट म्हणजे तुमचा ब्रेक. आत्ता आत जितकी माणसं आहेत तितक्या वजनाला ही लिफ्ट…”

लिफ्ट दोन बोटं खाली गेली.

कुणी बटण दाबलं नव्हतं. जाळी उघडी होती. ती आपली आपण, कण्हत, दोन बोटं उतरली आणि थांबली. काकांच्या आयुष्यात बरोबर जागेवर पडलेला तो पहिला पॉज होता आणि तो लिफ्टने घेतला होता. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

“समोरचे आधी बाहेर,” काका म्हणाले. “एकेक. ढकलू नका.” हे मात्र फाटकापर्यंत ऐकू गेलं असावं, कारण खालून वॉचमनने ‘जी साहेब’ म्हटलं.

पुढचे चौघे-पाचजण काकांनी दंडाला धरून बाहेर ओढले. तोवर लिफ्ट कण्हून गुडघाभर खाली गेली होती. पण तेवढी माणसं उतरल्यावर आतलं वजन आणि दोराच्या दुसऱ्या टोकाचं प्रतिवजन सारखं झालं होतं, लिफ्ट जागची हलणार नव्हती, आणि उरलेल्यांना आता काहीही धोका नव्हता. हे काकांना ठाऊक होतं. आत उरलेल्यांना ठाऊक नव्हतं. ते सांगण्यापूर्वी काकांनी एक पॉज घेतला.

आत पाटांवरून घसरलेले अध्यक्ष, डॉक्टर, कारकून आणि नवा भाडेकरू उभे होते. चौघांनीही बाहेर काढण्यासाठी हात वर केले होते. अध्यक्षांनी तर दोन्ही.

“लिफ्टच्या दुरुस्तीच्या बाजूने असतील,” काका शांतपणे म्हणाले, “त्यांनी हात वर करावेत.”

मागे जिन्यात मुख्याध्यापिकांनी हात वर केला. मग काकूंनी, मेव्हण्याने, आणि मग पायरीपायरीवरून खालपर्यंत. काकांनी आत बघितलं. तिथले हात वरच होते.

“अध्यक्षांचा हात आधीच वर आहे,” काका म्हणाले. “ठराव एकमताने मंजूर. घाबरू नका, आता ती हलणार नाही.” आणि मग त्यांनी हात दिला.

लिफ्टचा मुख्य स्विच काकांनी स्वतः बंद केला. साध्या नागरिकाने स्वतःच्या इमारतीचा स्विच बंद करू नये, असा नियम त्यांच्या माहितीत नव्हता. मुख्याध्यापिकांना खुर्चीत बसवून जिन्याने खाली न्यायचं ठरलं. खुर्चीचे पुढचे पाय अध्यक्षांनी धरले, मागचे मेव्हण्याने. “शेवटच्या बाकापर्यंत आलं ऐकू,” जाता जाता बाई म्हणाल्या. मेव्हणा वळून ओरडला, “भावोजी, पायाचं हे तंत्र मी वर्गात घेतो!”

“खुर्ची बघ,” काका म्हणाले.

जाळीत चेपलेल्या बुटाची काकांनी पाहणी केली. त्याचं टोक आता पार सपाट झालं होतं आणि पायाला प्रथमच बरं वाटत होतं. मजल्यावर ते एकटेच उरले होते. एवढ्यात नवा भाडेकरू गच्चीवर विसरलेला फोन घेऊन परत आला, सवयीने जाळीपाशी गेला आणि फोनमध्ये बघत म्हणाला,

“काका, तिसरा.”

काकांनी त्याच्याकडे बघितलं. दोन्ही हात खिशात घातले.

“जिना तिकडे आहे,” ते म्हणाले.